आत्याबाईंचा नेम

चैत्र महिना. म्हसोबाच्या यात्रेआधीचा मंगळवार, दुपार. हजर – मी. गैरहजर – आत्याबाई, राजुरीला बँकेत. आमचे हे, नारायणगावला रोपांचे ट्रे आणायला. कामाच्या बाया, सुट्टीवर.

सवयच आहे मला. आमची रोपवाटिका आहे, आणि आज कोण आलं, काय पेरलं, काय राहिलं हे लिहिल्याशिवाय माझा दिवस संपत नाही. पण त्या मंगळवारची ही हजेरी मी कुठेच लिहिली नव्हती. आज पहिल्यांदा लिहिते आहे. ह्यांना ठाऊक नाही. शिनोलीला माझी आई होती, तिला मी सगळं सांगायची – हे तिलाही सांगितलं नाही, आणि ती गेली. मग तुम्हाला का सांगते? तुमचं तोंड मला दिसत नाही म्हणून असेल. समोर माणूस असलं की मी दुसरंच काहीतरी बोलते, कामाचं बोलते. तेवढं एक मला चांगलं जमतं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या घरात सासूला आत्याबाईच म्हणतात. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, डाव्या भुवईवर विळ्याचा जुना वण. रोपवाटिका त्यांनीच सुरू केली – मामंजी असताना, जनावरांच्या गोठ्यामागच्या पडीक तुकड्यावर. टोमॅटो, मिरची, झेंडूची रोपं नंतर माझ्या काळात आली. आधी फक्त आंबा. त्यांच्या हातचं आंब्याचं कलम घ्यायला आंबेगावातून माणसं यायची. खुंट कापला, काडीला पाचर केली, बसवली, पट्टी गुंडाळली – बघता बघता. मी शेजारी बसून शिकायचा प्रयत्न करायची. त्या म्हणायच्या, "डोळ्यानं न्हाई गं, बोटानं बघ."

आणि त्यांच्याकडे बंदूक होती. छऱ्याची, लाकडी दस्त्याची, मधोमध मोडून छर्रा भरायची. मामंजींनी वानरांसाठी आणलेली. त्यांचा नेम कधी लागला नाही म्हणे, म्हणून एक दिवस आत्याबाईंनी ती हातातून काढून घेतली, आणि मग ती त्यांचीच झाली. वानरांना त्यांनी कधी मारलं नाही. शेडनेटच्या कडेने तार ओढून तिच्यावर रंगाच्या डब्यांची झाकणं टांगली होती. वानरांचा कळप चिंचेवर आला, की ओट्यावर बसल्या बसल्या त्या कळपाच्या जवळचं झाकण टिपायच्या. टण्ण. कळप दुसऱ्या झाडावर. पुन्हा तिथलं झाकण. टण्ण. असं करत करत वानरं बांधापार जायची. ओरडणं नाही, दगड नाही, फटाके नाहीत. मला वाटतं वानरांनाही ते आवडत असावं.

दुपारची जेवणं झाली की आम्ही दोघी ओट्यावर. मी याद्या करायची – उद्या कुठल्या गावचे ट्रे, कुणाचे पैसे बाकी, खत किती. त्या बंदूक मांडीवर आडवी घेऊन फडक्याने पुसायच्या. मधेच म्हणायच्या, "सुनंदे, थांबव ते. कान दे." मी पेन थांबवायची. त्या नेम धरायच्या, श्वास अर्धा सोडून थांबायच्या – त्यांच्याबरोबर माझाही श्वास थांबायचा – आणि मग टण्ण. मी नवी सून असल्यापासून हे असंच. माझ्या आईजवळ बसून मला इतकं गप्प बसता आलं नव्हतं कधी. त्या गप्पपणाची मला आज इतकी आठवण येते, की कधी कधी दुपारी मी पेन थांबवते. कान देते. काही वाजत नाही.

पण मी बाजूला चालले आहे. मला मंगळवारचं सांगायचं आहे.

आमच्या वस्तीच्या म्हसोबाच्या यात्रेत दुसऱ्या दिवशी, कुस्त्या संपल्या की लिंबाचा खेळ असतो. वडाच्या फांदीला सुतळीने लिंबू टांगतात. आपापल्या छऱ्याच्या बंदुकीने सुतळी तोडायची, लिंबाला धक्का लावायचा नाही. लिंबू अख्खं खाली पडलं पाहिजे, दोन पोरी ओढणी ताणून उभ्या असतात तिच्यात. तीन छर्रे मिळतात. ज्याच्या छऱ्याने सुतळी तुटेल, त्याच्या घरी त्या लिंबाचं सरबत करतात आणि वस्तीत त्या वर्षी आलेल्या नव्या सुनांना बोलावून घोट घोट देतात. मी आले त्या वर्षी सुतळी आत्याबाईंनीच तोडली होती. त्या सरबतात साखर कमी होती, मला आठवतंय. त्या कानाशी येऊन म्हणाल्या होत्या, "आंबट लागलं तर सांगू नगं कुनाला, माझं नाव जाईल." तेव्हा आमची जी गट्टी जमली ती जमली.

पुरुषांच्या खेळात बाई, पण वस्तीला त्याचं आता काही वाटत नव्हतं. उलट आत्याबाई उठल्या की गर्दी पुढे सरकायची. फक्त बाळूतात्या – मामंजींचे चुलतभाऊ, त्यांच्याच वयाचे – दर वर्षी चिडवायचे. आणि त्या मंगळवारच्या आदल्या वर्षीच्या यात्रेत सुतळी तुटली होती तिसऱ्या छऱ्याला. पहिले दोन जरासे डावीकडून गेले. बाळूतात्या म्हणाले, "वयनी, बंदूक म्हातारी झाली का तुमी?" आत्याबाई हसल्या. पण घरी आल्यावर बराच वेळ नळीत डोळा घालून बघत बसल्या.

मला ते सहन झालं नाही. खरंच नाही. मी अशी आहे – काही बिघडलं की मला ते दुरुस्त करायचं असतं, लगेच, नीट, सगळ्या पायऱ्या करून. मी मोबाइलवर व्हिडिओ बघितले. छऱ्याच्या बंदुकीची नळी घरच्या घरी आतून गुळगुळीत करतात, मग नेम सुधारतो, असं त्यात होतं. नळीत शिशाचा थर बसतो, आत बारीक खरबरीतपणा असतो, तो घालवायचा. मी आत्याबाईंना विचारलं. त्यांनी एका वाक्यात संपवलं: "नळीला हात लावायचा न्हाई. ती माझ्या वळखीची हाय."

म्हणून मी पुढची यात्रा जवळ येईपर्यंत थांबले, आणि तो मंगळवार निवडला. त्या बँकेत गेल्या तो दिवस.

आता नीट सांगते. व्हिडिओतला माणूस म्हणत होता – मऊ फडकं, दोरीला बांधून, थोडं तेल. मागच्या बाजूने घालायचं, पुढे एकदाच ओढून काढायचं, मागेपुढे करायचं नाही. आणि नळीच्या तोंडाशी, छर्रा बाहेर पडतो तिथे, तर अगदी जपून. मी ऐकलं होतं. मग मी तसं का केलं नाही? तुम्ही कधी पितळेची समई घासली असेल तर तुम्हाला कळेल. समईचा जो भाग डोळ्यांसमोर असतो तोच आपण जास्त घासतो. नळीत वाकून बघितलं तर तोंडाशीच काळं दिसत होतं. फडक्याने आणि तेलाने ते जाईना. ह्यांच्या ट्रॅक्टरच्या हत्यारांच्या पेटीत इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायची पेस्ट होती – करकरीत, राखाडी. मी ती चिंधीला लावली, चिंधी गजाला गुंडाळली, आणि तोंडातून आत घालून घासत राहिले. मागेपुढे. मागेपुढे. समई घासावी तशी. भांडी घासताना माझं एक असतं – चकाकी आली तरी अजून थोडं. तेही केलं.

नळी आरशासारखी झाली. मी घासलेट फिरवून पुसली, तेलाचा हात दिला, बंदूक होती तशी खुंटीला लावली, चिंध्या चुलीत घातल्या. आत्याबाई आल्या तेव्हा मी चहा टाकला होता. मला इतका आनंद झाला होता, की मी दोनदा साखर घातली. मनात होतं – यात्रेत पहिल्याच छऱ्याला सुतळी तुटेल, सगळे बघत राहतील, आणि मग संध्याकाळी मी हळूच सांगेन. त्या रागावतील, मग हसतील. त्या हसण्यासाठी मी सगळं केलं होतं. इतकं त्यातलं चांगलं. इतकंच.

यात्रेपर्यंत त्यांनी बंदूक चालवली नाही. वानरं त्या आठवड्यात पलीकडच्या शिवारात होती, आणि घरात पाहुणे.

लिंबाच्या खेळाचं मला सगळं दिसतं अजून. पांढरं नऊवारी, खांद्यावर पदर घट्ट, पाय जरा फाकवून उभ्या. पहिला छर्रा – काहीच नाही. सुतळी हलली पण नाही. गर्दीतून कुणी तरी म्हणालं, वारा आहे. वारा नव्हता. दुसरा छर्रा लिंबाच्या मधोमध बसला. रस उडाला. ओढणी धरलेल्या पोरींमधली एक हसली आणि लगेच तोंड दाबून उभी राहिली. लिंबाला छर्रा लागणं हे आमच्याकडे – कसं सांगू – कुणी वाईट मानत नाही तसं, पण तसं कुणाचं होत नाही. नवशिक्यांचं होतं. आत्याबाईंचं कधीच झालं नव्हतं. त्यांनी बंदूक खाली घेतली, नळीकडे नाही, आपल्या हाताकडे बघितलं. तिसरा छर्रा वडाच्या खोडात गेला.

बाळूतात्या म्हणाले, "वयनी, औंदा दुरबीन लावून घ्या."

सगळे हसले. आत्याबाईही हसल्या. मी – मी पण हसले. तुम्हाला खोटं वाटेल, पण मला तेव्हा अजून कळलं नव्हतं. मला वाटलं, खरंच एखादा दिवस वाईट असतो.

दोन-तीन दिवसांनी कळलं. त्या शेजारच्या वस्तीत हळदीला गेल्या होत्या. मी बंदूक काढली, कोकोपीटच्या पोत्यावर टेकवली, हलणार नाही अशी, आणि पुठ्ठ्यावर एकामागून एक छर्रे मारले. पूर्वी आत्याबाईंचे छर्रे एका नाण्याखाली झाकले जायचे. माझे ताटभर विखुरले. पोतं हलत नव्हतं. हात हलत नव्हता. मी पुन्हा व्हिडिओ लावला, आणि ह्या वेळी शेवटपर्यंत बघितला. तोंडाशी नळी केसभर अरुंद ठेवलेली असते, छर्रा बाहेर पडताना ती त्याला शेवटचं आवळून सरळ सोडते. तीच जागा घासून मी मोठी केली होती. छर्रा बाहेर पडताना डगमगत होता. आता तो कुणाच्याही हातून सरळ गेला नसता. माझ्या, तुमच्या – देवाच्या हातून गेला नसता.

म्हणजे मला माहीत होतं. हे तुम्ही लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं मला माहीत असताना झालं.

त्याच रात्री जेवताना सांगता आलं असतं. हे म्हणाले, "आई, जुनी झाली ती बंदूक, नवीन घेऊ." वाट इतकी सोपी करून दिली होती त्यांनी. मी पोळी लाटत होते. मी म्हणणार होते – खरंच म्हणणार होते. तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "बंदुकीला दोस देऊ नगं. ती हाय तशीच हाय. माझं कायतरी झालंय." आणि पुढे, अगदी शांतपणे, "मला ठावं हाय तिचं."

त्यांना बंदुकीवर इतका विश्वास होता, की चूक स्वतःत शोधायला निघाल्या. आणि मी पोळी उलटली.

डोळे तपासायला मीच घेऊन गेले. याद्या करणारी मी, तर दवाखान्याचं माझ्याकडेच असतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांचं आधीच झालेलं होतं. डॉक्टरांनी नीट तपासलं, म्हणाले, या वयाच्या मानाने डोळे फार छान आहेत, काही करायचं नाही. दुसरं कुणी असतं तर खूश झालं असतं. आत्याबाईंचा चेहरा उतरला. डोळे बिघडलेले असते तर चष्मा मिळाला असता. आता काय राहिलं?

परतीच्या वाटेवर त्या गाडीच्या काचेला टेकून बसल्या होत्या. बाहेर उसाचे फड. मग म्हणाल्या, "डोळं चांगलं हायेत म्हनतो. मंग काय झालं असंल गं, सुनंदे?"

प्रश्न मला होता. गाडीत आम्ही दोघीच. मी गाडी चालवत होते, म्हणजे त्यांच्याकडे बघायचीही गरज नव्हती. यापेक्षा सोपं काय हवं असतं माणसाला?

मी म्हणाले, "वय झालं, आत्याबाई. हात हलतो आता तुमचा."

हेच. हे सांगायला मी इतकी फिरले. नळी घासली ते नाही – ते अजाणता झालं, ते कुणीही माफ करेल. मी गप्प राहिले तेही नाही. मी हे वाक्य बोलले. त्यांचा हात हलत नव्हता. मी त्यांचा हात कधीच हलताना बघितला नव्हता – ना बंदुकीवर, ना कलमावर, ना चहाच्या कपावर. मी ते तिथल्या तिथे रचलं, आणि ते किती सहज निघालं म्हणून मला आजही भीती वाटते. का म्हणाले? वाटलं, त्यांना एक कारण मिळेल आणि प्रश्न संपेल. मला प्रश्न संपवायचा होता. कामं संपवते तशी.

त्यांनी उजवा हात समोर धरला. बोटं ताणली. घर येईपर्यंत त्या हाताकडे बघत होत्या. माणूस आपल्या हाताकडे इतका वेळ बघत राहिला, तर कुणाचा हात स्थिर राहील?

त्या दिवसापासून त्या हात बघायला लागल्या. सुईत दोरा ओवताना थांबायच्या. दूध ओतताना दुसरा हात भांड्याखाली. बंदूक खुंटीला गेली ती गेली. वानरं आली, की ह्यांनी फटाके लावायचे. तारेवरची झाकणं वाऱ्याने आपसात वाजत राहायची, आणि ती वाजली की त्या घरात जायच्या.

आषाढात कलमं बांधायची वेळ आली. पहिल्या दिवशी त्या सावलीत बसल्या, खुंट कापला, काडी घेतली, चाकू धरला – आणि ठेवला. "काडी वाया जाईल," म्हणाल्या. काडी वाया जायची नव्हती हो. चाकू त्यांनी माझ्या हातात दिला. "आता तूच बांध. तुला येतं."

मला येत नव्हतं. पण मी घेतला.

आणि आता जे सांगते ते मी स्वतःलाही फार दिवस सांगितलं नव्हतं. मला तो चाकू घ्यायला बरं वाटलं. रोपवाटिका माझ्या हातात आली. आत्याबाई असताना माझ्या मनासारखी मांडणी होत नव्हती. त्यांचं सगळं डोक्यात, माझं सगळं कागदावर. मी वाफ्यांना पाट्या लावल्या, शेडनेट हलवलं, ट्रे गावांप्रमाणे लावले. सगळं नीट झालं. लोक म्हणाले, सून हुशार. त्या कोपऱ्यात खुर्चीवर बसायच्या, कधी काही सुचवायच्या, आणि मग स्वतःच म्हणायच्या, "माझं काय ऐकतीस, मी आता म्हातारी." मी म्हणायची, तसं नाही हो. आणि मग माझ्या मनासारखं करायची.

माझ्या कलमांमधली बरीच वाळली. ते मी हवामानावर ढकललं.

दिवाळीनंतर धाकटे भाऊजी, दत्ता, त्यांना चार दिवस पेठला घेऊन गेले. त्यांचं तिथे हायवेला हार्डवेअरचं दुकान आहे, वर राहायला घर. चार दिवसांचे महिने झाले, महिन्यांची वर्षं. निघताना मी पिशव्या भरून दिल्या – औषधं, स्वेटर, पापड, सगळं मोजून. त्या म्हणाल्या, "हितं माझं काय काम हाय आता?" मी म्हणायला हवं होतं, तुमच्याशिवाय मला दुपार जात नाही. मी म्हणाले, गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या.

त्यांचा फोन येतो, संध्याकाळी, वानरांची वेळ झाली की. "आली व्हती का?" आली होती. "किती व्हती?" बरीच. "पिल्लं हायेत का संगं?" आहेत दोन. मग, "फटाकं लावत्यात का? पिल्लं घाबरत्यात, सांग त्यांना." मी सांगते म्हणते. फोन ठेवला, की मी अंगणात जाऊन तारेवरच्या झाकणांकडे बघत बसते. रंग गेला सगळ्यांचा. प्रत्येकावर त्यांच्या छऱ्यांचे खळगे आहेत, दाट, अगदी मध्यावर. बोट फिरवलं की कळतं.

पेठला मी जाते, महिन्यातून एकदा तरी. त्या दुकानात गल्ल्यामागे बसलेल्या असतात. बाहेर ट्रकची रांग. उजवा हात मांडीवर, डावा हात त्याच्यावर – दाबून. मला बघितलं की चेहरा खुलतो. मग त्या माझ्या हाताला हात लावतात, आणि मी बघते – दर वेळी बघते. हात हलत नाही. जरासा असेल कदाचित, वयाने. की त्यांनी इतकी वर्षं धरून ठेवला म्हणून? तो हात माझ्या वाक्याशिवायही थरथरला असता का, हे मला आता कधी कळणार नाही. आणि कळलं तरी त्याने माझं काय कमी होणार?

मधे मी बंदूक दुरुस्त करून आणली. आपण बिघडवलं ते आपणच नीट करायचं – हे तरी मला येतं. लेथवाल्याने नळीचं तोंड बघितलं आणि विचारलं, "वयनी, ह्ये कुनी घासलं?" मी म्हणाले, कोण जाणे. त्याने घासलेला तुकडा कापून टाकला आणि नवं तोंड करून दिलं. तिथलं अरुंदपण गेलं ते गेलं, पण कड साफ झाली. घरी आणून मी पोत्यावर टेकवून मारले. ताट नाही, नाणंही नाही – वाटीएवढ्या गोलात. पण सरळ. सरळ जातात सगळे.

आणि नळी दोन बोटं आखूड झाली.

बाकी कुणाला कळणार नाही. ह्यांना कळलं नाही. पण आत्याबाईंनी हातात घेतली, तर पहिल्या क्षणाला कळेल. त्यांच्या ओळखीची आहे ती. दस्ता खांद्याला लागायच्या आधी तोल बदललेला कळेल, मग बोट नळीच्या तोंडावर जाईल, मग त्या माझ्याकडे बघतील. मला काही बोलावंही लागणार नाही. मग त्यांना आठवेल – यात्रा, डॉक्टर, गाडी. हात हलतो आता तुमचा. आणि त्यांना कळेल, की तेव्हा हात चांगला होता. ही गोष्ट त्यांची आहे. त्यांच्याकडून घेतलेली आहे. त्यांना परत मिळायला हवी, मग मागाहून माझं काय व्हायचं ते होवो.

कितीदा तरी मी ती गोणपाटात गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटखाली ठेवली, आणि पेठहून तशीच परत आणली. एकदा दुकानाच्या पायरीपर्यंत नेली होती. त्या म्हणाल्या, "काय गं त्यात?" मी म्हणाले, पाइप आहे, भाऊजींकडे द्यायचा. आणि परत गाडीत.

शनिवारी पेठला मिरचीची रोपं पोचवायची आहेत. ट्रे मोजले, गाडी धुतली, डिझेल भरलं, आत्याबाईंच्या गोळ्या घेतल्या. बंदूक त्यांच्या हातात द्यायची राहिली आहे.